भरतातला वेलदोडा

तिसरी सीडी साहेबांनी टेबलाच्या कडेला टेकवून कडकन मोडली, तरी लताबाईनं तेच विचारलं.

"दुसरी नक्कल कुठी आहे?"

"नाही अक्का. कोर्टाचा हुकूम आहे, काहीच ठेवायचं नाही."

"हुकूम नव्हता तवाही तुमी ऐकलंच ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

नशिराबादला हायवेच्या कडेला लताबाईची वांग्याच्या भरताची गाडी. रस्ता रुंद करताना गाड्या उठवू नका म्हणून तिच्या भूषणनं मोर्चा काढला, आणि फोन आईच्या नावावर म्हणून सरकारनं चार महिने आईचा फोन ऐकला. खंडपीठानं विचारलं, वांगी भाजणाऱ्या बाईपासून सार्वजनिक सुरक्षेला धोका कसला? ऐकणं बेकायदा ठरलं. जे रेकॉर्ड करून ठेवलंय ते तिच्या डोळ्यांदेखत नष्ट करा आणि तिची सही घ्या, असा निकाल. म्हणून ती सून मयुरीला घेऊन धुळ्याच्या या पोलीस कचेरीत आली होती.

आता लताबाईची सही घ्यायची म्हणजे काय खाऊ आहे? या बाईचा संशय असा, की दूध उतू गेलं तर ती आधी म्हशीकडे बघायची. पितरांच्या घासाला कावळा पटकन शिवला, तरी हिला वाटायचं, याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलंय.

उरला पेनड्राइव्ह. शिपाई हातोडी शोधायला निघाला, तर लताबाईनं पिशवीतून घरचा बत्ता काढला.

"द्या इकडे. मले ठेचायची सवय आहे."

तिनं तो असा ठेचला, की फक्त मिरच्या आणि लसूण टाकायचा बाकी राहिला.

साहेबांनी पंचनामा पुढे सरकवला. लताबाई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला बसली. आता दुपार होणार हे ओळखून कोपऱ्यातल्या हवालदार जीवरामनं आपला डबा उघडला.

"या अक्का जेवाले. भरीत शे. घरवालीनी करेल शे."

लताबाईचं बोट ओळीवर थांबलं. नाक वर झालं. ती उठली, जीवरामच्या डब्यापाशी गेली आणि बोटभर भरीत उचलून जिभेवर ठेवलं.

वेलदोडा.

तापीच्या दोन्ही काठांना, माणूस वांगं भाजायला शिकला तेव्हापासून आजवर, कोणी भरतात वेलदोडा टाकला नव्हता. ते भरीत आहे की बारशाची खीर?

मयुरीनंही चाखलं आणि तिचे डोळे केवढे झाले.

"आत्या! हे तर आपलं गुपित! मी अमळनेरला माहेरी होते, तेव्हा तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं. यांनी ऐकलं!"

जीवरामनं डब्यावर झाकण ठेवलं.

"अहो ताई," साहेब म्हणाले, "वेलदोडा काय, कोणाच्याही घरात असतो. कोणालाही सुचेल. यावरून काही सिद्ध होत नाही."

सिद्ध करायला लताबाईकडे एकच वाक्य होतं, आणि नेमकं तेच सुनेसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तिनं पंचनाम्याकडे पाहिलं. 'सर्व काही नष्ट केले.' जीवरामच्या मिशीकडे पाहिलं. मिशीला भरीत लागलेलं होतं.

"कोनाले नाही सुचनार," ती शेवटी म्हणाली. "मलेही कधी सुचलं नव्हतं. मी भरतात वेलदोडा टाकतच नाही. हिले खोटं सांगतलं. सगळ्या जन्मात एकदाच बोलली ते, त्या फोनवर."



"खोटं?" मयुरी म्हणाली. "मला?"

"तू आईले सांगशील म्हनून."

"मी कशाला सांगू आईला?" मयुरी तडकली. "तरीच बाबा विचारत होते, भाकरीबरोबर खीर कशी काय वाढली..."

तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. सासू तिच्याकडे बघत होती, साहेब जीवरामकडे.

जीवराम उठून उभा राहिला. चार महिने कानाला यंत्र लावून बसणारा तोच होता.

"साहेब, सीडी मोडी, कागद फाडा, सगळं झायं," तो खाली मान घालून म्हणाला. "पन कानमा गयं ते कसं मोडू?"

लताबाईनं पंचनामा पालथा घातला. बत्ता पिशवीत टाकला.

"सही आज नाही. पंधरा दिवसांनी येते. याच वख्ताले, जेवायच्या सुट्टीत."

"पंधरा दिवसांत काय बदलणार आहे, अक्का?"

लताबाई सुनेला घेऊन दाराबाहेर पडलीही होती.

एसटी स्टँडवर जळगाव गाडीला वेळ होता. मयुरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून बसलेली. लताबाईनं आपला फोन बंद केला. बंद झाला का ते दोनदा बघितलं. पदरात गुंडाळला, पिशवीच्या तळाशी बत्त्याखाली दाबला. मग सरकत सरकत सुनेजवळ आली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि तिच्या कानात एक शब्द सांगितला.

मयुरी वळली. तिचे डोळे बारीक झाले होते, अगदी सासूसारखे.

"हे तरी खरं ना, आत्या?"

लताबाई येणाऱ्या गाडीची पाटी वाचत होती.

"घरी गेल्यावर तू माझ्या फोनवरून आईले सांग," ती म्हणाली. "मंग पंधरा दिवसांनी जीवरामचा डबा पाहू."