मागचं डावं चाक

"हे ऐकून शेंबडं पोरही विश्वास ठेवायचं नाही!" जेवता जेवता बाबांनी फुशारकी मारली. त्यांचा जन्म चाकांची अलाइनमेंट करण्यात गेला होता, आणि थापा मारण्यात.

लेकीने नुकत्याच घेतलेल्या जुन्या, छोट्या गाडीचा मागचा डावा टायर आतल्या कडेने झिजायचा. नवा घातला तरी तेच. मशीन म्हणे, चाकं सरळ आहेत. उद्यापासून नात त्याच बाजूला बसून शाळेत जाणार होती, म्हणून लेक कान देऊन ऐकत होती.

"आज गाडी लिफ्टवर कमरेएवढी उचलली. तीन चाकं खाली लोंबली. मागचं डावं मात्र वर दाबलेलंच, आत कुणीतरी जड बसल्यासारखं. आणि गाडी रिकामी, बरं का!"

"मग?"

"मग काय! मागचं दार उघडून दम भरला, 'उतरा आता, तिथे आमची नात बसायची आहे.' चाक सटकन खाली आलं. ब्याद तिथेच गेली. उद्या पोरीला बिनधास्त बसव."

लेक हसली नाही. बाबा गाडी घेऊन आले तेव्हा ती खिडकीतच उभी होती.

"खोटं, बाबा," तिने पोरीला जवळ ओढलं. "मग मघाशी फाटकाशी तेच दार उघडून, हात देऊन कुणाला उतरवलंत?"