खंडेनवमीचा फ्रीझर

ठाण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. नंदा वैतीनं नऊ वर्षं खपून एक विषाणू माणसाळवला होता. त्याच्यातला रोग काढून टाकायचा आणि आजारी मुलांच्या पेशींत चांगलं जनुक पोचवायला त्यालाच हमाल करायचं, असा तिचा बेत. १९९४च्या खंडेनवमीला ती परिषदेसाठी पुण्याला गेली, आणि इकडे संचालक सबनीससाहेबांनी यंत्रपूजेसाठी तिचा फ्रीझर बंद करून आतून-बाहेरून धुवून घेतला. विषाणूच्या कुप्या दिवसभर टेबलावर मांडून ठेवल्या, त्यांनाही हळदकुंकू वाहिलं.

"सर, एकदा वितळलं की संपलं. सगळे विषाणू मेले," परत आल्यावर नंदा म्हणाली.

"अहो वैतीबाई, संध्याकाळी परत गोठवलंय ना सगळं? मग बिघडलं कुठे?" साहेबांनी प्रसादाचा पेढा पुढे केला. "उगाच बाऊ करायची खोड आहे तुम्हाला."

रविवारी नंदा मासळीबाजारात आईच्या टोपलीमागे बसली होती. साहेब पिशवी घेऊन आले. त्यांची नजर मासळीवर होती, नंदाकडे त्यांनी पाहिलंच नाही. आईनं कालचं म्हणून वेगळं ठेवलेलं पापलेट त्यांनी उचललं, कल्ला उघडून पाहिला आणि नाक मुरडून ते परत टाकलं.


"बाई, बर्फ सुटलेला माल परत बर्फात घातलाय तुम्ही. एवढंही कळू नये, इतका बिनडोक वाटलो का मी?"