एलिएसेरचा आवाज

"आणखी कुणाकडे काही राहिलं नाही ना, भावजी?" उबाल्दिनाने पुन्हा विचारलं.

विल्फ्रिदो तिच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात तळहातात मावेल एवढा संगणक, त्याला जोडलेल्या दोन सारख्या डिस्क, आणि बाजूला एक जुना पडदा.

"सगळ्यांचं आलं, वहिनी. दादाचा एक शब्दसुद्धा आता बाहेर नाही. सगळा दादा तुझ्या घरात."

ती हसली. खूप दिवसांनी हसली, असं त्याला वाटलं.

बाहेर तळ्यावर ऊन पांढरंफटक पडलं होतं. पाणवेलींचे हिरवे पुंजके कुणी ढकलल्याशिवायच सरकत होते. सगळं गाव झोपाळ्यांत झोपलेलं. पंखा घरघरत होता, आणि त्या आवाजात बोलणंही झोपेतल्यासारखं वाटत होतं.

एलिएसेर, उबाल्दिनाचा नवरा, गावच्या छोट्या रेडिओ केंद्राचा पहाटेचा आवाज होता. होड्या सुटायच्या आधी तो लोकांना नावं घेऊन उठवायचा, वारा कुठला ते सांगायचा, मग एखादं गाणं म्हणायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी छातीच्या दुखण्याने तो गेला. रेडिओ धाकट्या भावाकडे, विल्फ्रिदोकडे आला. त्याने नवा माणूस नेमलाच नाही. दादाची जुनी ध्वनिमुद्रणं तो रोज पहाटे चौकातल्या कर्ण्यावर लावायचा. गाव अजून एलिएसेरच्याच हाकेने उठत होतं.

मग रेडिओतली डिस्क टकटक करायला लागली. विल्फ्रिदो घाबरला. आणि एके सकाळी, दफनानंतर ज्या रेडिओची पायरी ती चढली नव्हती, तिथे उबाल्दिना स्वतः आली.

"सगळं माझ्या घरी ठेवू," ती म्हणाली. "नीट, एका जागी. मी सांभाळते."

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

नंतर एलिएसेरचा आवाज गोळा करत ती दारोदार फिरली. प्राक्सेदेसबाईंनी लग्नातल्या गाण्याची कॅसेट दिली. फीत बुरशीने खाल्लेली होती. संगणकात उतरेपर्यंत कशीबशी वाजली आणि तुटली. कुणाच्या फोनमध्ये वाढदिवसाची आरोळी होती, कुणाकडे दारू पिऊन म्हटलेलं अर्धं गाणं. सगळं उतरवून घेतल्यावर उबाल्दिना गोडीत म्हणायची, "आता फोनमधलं पुसून टाका की. उगाच जागा अडते." लोक तिच्यासमोरच पुसत. एलिएसेरच्या बायकोला नाही कोण म्हणणार? रेडिओतल्या डिस्कनेही आज सकाळी शेवटचं गाणं दिलं आणि ती कायमची गप्प झाली.

"हे नक्की काय केलंत तुम्ही?" तिने कॉफीचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

"याला रेड म्हणतात. संगणकातल्या लिनक्सला सांगायचं, बाबा रे, या दोन डिस्क तू एकच समज. हिच्यावर लिहिलं की तिच्यावरही तेच उमटतं. आरसा म्हण ना. एक मेली तरी दुसरी बोलत राहते."

"म्हणजे मरायची सोयच नाही."

"दादाला तरी नाही!" तो खुशीत म्हणाला. "तुझी नातवंडंसुद्धा त्याच्याच हाकेने उठतील, बघ."

पडद्यावर एक आकडा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होता. दोन्ही डिस्क एकमेकींशी जुळत होत्या. विल्फ्रिदोने भिंतीला डोकं टेकलं.

"दादा स्वप्नात येतो तुझ्या?"

"रोज. कर्णा लागला की."

"नशीबवान आहेस. मला एकदाही दिसला नाही."

"दारात उभा असतो. डोळे लाल, पापण्या जड."

"काही म्हणतो?"

"म्हणतो." ती उठली. "मासा करपेल तव्यात."

तळलेला बोकाचिको मासा आणि उकडलेला युकाचा कंद खाताना ती पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "हे गाणं तर इथे पाच जणांकडून आलंय. फुकट पसारा. जास्तीची कशी काढायची?"

"वा! वहिनी रेडिओवर नोकरी मागणार आता." त्याने हात पुसले आणि तिला दाखवलं. नाव असं निवडायचं, ही कळ दाबायची. तिने एक जास्तीचं गाणं पुसून पाहिलं. मग आणखी एक.

"पण जपून हं," तो म्हणाला. "आरसा शहाणा नसतो. तू इकडून पुसलंस की तिकडूनही त्याच क्षणी गेलं. परत येत नाही. शनिवारी मी मागांगेच्या बाजारातून तिसरी डिस्क आणतो, तिच्यावर वेगळी प्रत करून रेडिओत ठेवू. मग कसली भीती नाही."

"शनिवारी," ती म्हणाली.

ऊन उतरता उतरता आकडा पूर्ण झाला. विल्फ्रिदोने दोन्ही डिस्कवरून लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"उद्या पहाटे इथूनच लावू. गाव खूश होईल."

"भावजी," तिने दारात त्याला थांबवलं. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचं चुंबन घेतलं. "तुमचा दादावर फार जीव. मला माहीत आहे ते."

तो लाजला, टोपी घालून निघाला. त्याची शीळ तळ्याकाठाने लांब गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

उबाल्दिना पडद्यासमोर बसली. तिने एक ध्वनिमुद्रण लावलं. शेवटच्या वर्षातलं. एलिएसेर खोकला, थांबला, श्वास गोळा केला, आणि मग त्याच हसऱ्या आवाजात म्हणाला, "उठा रे माझ्या लोकांनो, वारा आज उत्तरेचा आहे." ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मग तिने पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी नावं निवडली.

"रोज विचारतोस ना, मला झोपू का देत नाही म्हणून," ती हलकेच म्हणाली. "झोप, राजा. उद्या तुला कुणी उठवणार नाही." आणि तिने कळ दाबली.