गळती

छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेत तिमाही कामगिरीचं मोजमाप चाललं होतं. वस्तीतल्या कर्जदार बायका सांभाळणारी ती तिथली कर्मचारी. साहेबांनी तिच्या नावापुढे लाल फुली मारली.

"तुमच्या शिंपीणबाई गळाल्या की."

"सर, त्यांनी सगळं कर्ज फेडलं. दुकान जोरात चाललंय, आता गरजच उरली नाही त्यांना."

"मग गळतीच ना ती? अशी एकेकीची गरज संपवत बसलात, तर संस्थेला टाळं लावायचं का आम्ही? ती जागा भरा, नाहीतर पगारवाढ विसरा."

तिच्या लेकीच्या पाळणाघराची फी आधीच तुंबली होती. संध्याकाळी ती तडक शिंपीणबाईंच्या दुकानात गेली.

"मावशी, नावापुरतं तरी घ्या ना कर्ज."

"विकतचं दुखणं कशाला घेऊ गं?" मावशींनी दाताने दोरा तोडला. "आत्ता कुठे शांत झोप लागायला लागलीय. तुला एवढा पुळका असेल, तर तूच घे."



महिनाअखेरीस तिची गळती शून्यावर आली, साहेबांनी पाठ थोपटून पगारवाढ दिली आणि नव्या कर्जदार बाईचा पहिला हप्ता तिच्याच पगारातून कापून घेतला.