रोमचा खडू

रोमचा धडा आला की इतिहासाचे सर रंगात यायचे. रस्ते, कायदे, पाण्याचे कालवे, रोमनांनी जगाला काय काय दिलं ते फळाभर लिहून झालं, तसे ते वर्गाकडे वळले. "आणि एवढं सगळं करून त्यांच्या सभेने शेवटी सगळी सत्ता एका माणसाच्या हातात देऊन टाकली. तीही राजीखुशीने!"

पहिल्या बाकावरची मुलगी चिडलीच. "एवढी मोठमोठी माणसं, सर, आणि एकालाही तोंड उघडता आलं नाही?"

"घाबरट होते गं," सर म्हणाले, आणि आख्खी आठवी खो खो हसली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांची बैठक होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून इतिहासाचा तास बंद. वरून ठरूनच आलंय, फक्त आपली संमती हवी. मंजूर असेल त्यांनी हात वर करा." सरांनी आजूबाजूला पाहिलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.



वर्गाच्या वह्या घेऊन ती मुलगी दारात आली, तेव्हा सगळे हात वर होते. सरांच्या हाताला रोमचा खडू अजून तसाच होता.