टाकीचं झाकण

सकाळी सात वाजता जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर नांगरताना पुन्हा बंद पडला. "आज शेताचं टोक गाठलं नाही, तर घेऊन जा," या मालकाच्या शब्दावर भंगारवाला दोर घेऊन बांधावर उभाच होता. प्लग नवा, कार्बुरेटर साफ होता. मालकानं टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, पुरेसं होतं. झाकण लावलं, इंजिन सुरू झालं, थोडं चालून थांबलं. "झाकण उघडलंस की हा बरा होतो," मालकाची थोरली बहीण म्हणाली, "म्हणजे टाकीत हवा जात नाही, मग पेट्रोल खाली उतरत नाही." झाकणावरचं बारीक छिद्र ताज्या लाल रंगानं बुजलं होतं. "नवरदेवासारखा नटवलास आणि नाकच बंद केलंस की रे." तिनं केसांतल्या पिनेनं छिद्र मोकळं केलं. ट्रॅक्टर आता रोज जिथे बंद पडायचा, त्याच्या पुढे गेला आहे. टोक अजून लांब आहे. भंगारवाल्यानं दोर खाली ठेवला आहे.