आमचं म्हणा

"आबा, एवढंच म्हणायचं, 'हे रान आमचं'," तनुजा आजोबांच्या कानाशी कुजबुजली. सांडूआबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिला कळेना.

फर्दापूरच्या वरच्या डोंगरात भिलांची सात घरं. त्यांच्या रानात आता निसर्ग पर्यटन केंद्र व्हायचं होतं. तंबू, झोपाळे आणि पाहुण्यांना 'आदिवासी जेवण'. रानावर हक्क सांगितला तरच घरं वाचणार होती. गेल्या वर्षी चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "रान कोणाचं?" आबा म्हणाले, "वाघदेवाचं. आमचं कसं असंल?" साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि दावा फेटाळला गेला. तनुजा संभाजीनगरच्या वसतिगृहात वाढलेली. तिने कचेऱ्यांचे खेटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे ही फेरचौकशी पदरात पडली. यंदा तिने सातही घरांना पोपटासारखं पढवलं होतं. आबांचीच काय ती धास्ती होती.

"प्रत्येक घराचा जबाब वेगळा घेऊ," नवे साहेब म्हणाले. माणूस भला होता. "बोला आबा, रान कोणाचं?"

आबांनी मुंडासं काढलं. वाघदेवाच्या शेंदरी दगडाकडे पाहून हात जोडले. तनुजाचा जीव टांगणीला लागला.

"आमचं," आबा म्हणाले.

साहेबांनी लिहिलं, आबांनी अंगठा उमटवला. तनुजाला आनंदाने रडू कोसळलं. डोळे पुसून पाहते तो आबा घराकडे न वळता उताराला लागलेले. ती धावली.

"आबा, घर तिकडं राहिलं!"

"आता नाय, पोरी. देवाच्या रानाला आपलं म्हणणाऱ्यानं रानात ऱ्हायचं नसतं. म्हणून तर मागच्या बारीला म्हणलो नव्हतो."

"मग आज का म्हणालात?"

"तू लई वणवण केली आमच्यापायी. तुझा शब्द मोडवंना."

तनुजाने आबांचा हात धरला. मागून साहेबांची हाक आली, "चला, दुसरं घर!"

तिने वळून पाहिलं. वच्छलाबाई जबाबाला पुढे होत होत्या. त्यांच्या काखेत बांधलेलं बोचकं होतं, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर गाठोडी होती.